शर्यतीच्या दिवशीचे फोटो

१

ऑगस्टचा पहिला बुधवार, सकाळचे सहा. सेंट जॉन्स शहरात, बंदराच्या वरच्या अंगाला, एका जुन्या लाकडी घराचे स्वयंपाकघर. टेबलावर रेडिओ आणि रेडिओसमोर दोन बायका.

या शहराची एक सुट्टी कॅलेंडर ठरवत नाही, वारा ठरवतो. तळ्यावर वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत असते. पहाटे कमिटीची माणसे काठावर उभी राहून पाणी बघतात आणि शर्यत होणार की नाही ते रेडिओवर सांगतात. झाली तर सगळ्या शहराला कुलूप. नाही झाली तर आदल्या रात्री सुट्टीच्या भरवशावर ढोसलेल्यांनी जड डोक्याने कामावर जायचे.

"होणार," रेडिओ म्हणाला.

घरमालकीण फिलोमेनाने टाळी वाजवली. "हवा बघ गं बाहेर! कशी धुतल्यासारखी आहे."

समोर बसलेल्या सेलिना पिअर्सीने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे दुकानं बंद?"

"दुकानं, बसगाड्या, कचेऱ्या, सगळं. आज चोरसुद्धा तळ्यावरच सापडायचे. तूही चल. भाजलेलं मटण खाऊ, चार गाणी ऐकू."

"मी होड्या बघायला नाही आले, फिलोमेना."

"माहितीये गं," फिलोमेना म्हणाली आणि तिने रेडिओ बारीक केला.

बरोबर एका वर्षापूर्वी, याच बुधवारी, सेलिनाचा मुलगा क्लेटन याच घराच्या वरच्या खोलीत उतरला होता. दक्षिण किनाऱ्यावरच्या गल्स कोव्ह गावचा, सव्वीस वर्षांचा. मासळीवर पोट भरेना म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाच्या तेलखाणीवर निघालेला. तिकडे घराघरातून एक तरी पोरगा असा जातोच. विमान दुसऱ्या दिवशीचे होते. हातात एक मोकळा दिवस होता. "शहर बघून घेतो, आई," असे फोनवर सांगून तो एकटाच बाहेर पडला आणि दिवसभरात त्याने तिला तीन फोटो पाठवले. त्यानंतर काही नाही. पिशवी खोलीतच राहिली, विमानातली जागा रिकामी गेली.

तिन्ही फोटोंत लख्ख ऊन होते, पहिल्या दोन्हींत सुनसान रस्ते होते, एकात मिटलेले दुकान होते. आणि गेल्या वर्षीच्या त्या बुधवारी मुसळधार पाऊस पडत होता. शर्यत रद्द झाली होती, दुकाने उघडी होती.

"हे फोटो त्या दिवशीचे नाहीत, बाई," तपास करणारा अधिकारी म्हणाला होता. "पोरानं आधी कधीतरी काढून ठेवले असणार. गुंगारा दिलाय तुम्हाला. जाणती पोरं जातात अशी निघून."

आधी म्हणजे कधी? क्लेटनने त्याआधी हे शहर पाहिले होते ते बाराव्या वर्षी, दाढ काढायला आणले तेव्हा. फोटोतले पिवळे जाकीट आईने त्याला निघण्याच्या आठवड्यातच घेऊन दिले होते. सेलिनाने हे सांगितले, लिहून दिले, पुन्हा जाऊन सांगितले. पहिल्या दोन फोटोंत त्याचे दोन्ही हात मोकळे दिसतात, मग फोटो काढला कोणी, हेही विचारले.

"कुणीतरी वाटसरू," अधिकारी हसला. "इथे फोन खिशातून काढायच्या आत चार जण विचारतात, काढून देऊ का म्हणून."

तेवढे मात्र खरे होते. या किनाऱ्यावर कोणी आपण होऊन मदतीचा हात पुढे केला तर नाही म्हणायचे नसते. ते उर्मटपणाचे समजतात. पण मग त्या वाटसरूला कोणी शोधले? एका माणसाने खुर्चीवरून उठून एका दुकानदाराला तरी विचारले? कोणीही नाही. हवामान जुळत नाही म्हणून आईचा शब्द खोटा ठरला आणि फाइल मिटली.

म्हणून ती आली होती. फोटोंच्या मागोमाग एकटीने शहर हिंडायचे, दारोदार विचारायचे, आणि पोरगा शेवटी कुठे गेला ते शोधायचे. या खेपेला एवढा एकच दिवस तिला साधला होता. आणि विचारायला आज शहरात माणूस नव्हता.

२

पहिला फोटो एका उतरत्या गल्लीतला होता. ओळीने रंगीत लाकडी घरे, त्यांच्यापुढे अगदी लहानसा दिसणारा क्लेटन, आणि मागे एक घर अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. त्याला शिडी टेकलेली, शिडीवर पाठमोरा माणूस. गेल्या शरद ऋतूत सेलिनाने हे दुरंगी घर शोधण्यासाठी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. असे घर शहरात नव्हते. अधिकाऱ्याने तेही तिच्याच विरुद्ध धरले होते.

आज ते होते.

ती वळणावरच थांबली. हिरव्या भिंतीवर वरून खाली पिवळा पट्टा आला होता आणि खिडकीखाली अडला होता. शिडी त्याच जागी, तशीच तिरकी. शिडीच्या पायरीला डबा अडकवलेला. चाळिशीचा एक माणूस खाण्यापिण्याचा मोठा डबा गाडीत कोंबत होता. गाडीत बायको बसलेली, मागच्या बाकावर पोरांची मारामारी चाललेली.

"हे घर कधी रंगवायला घेतलंत?" सेलिनाने विचारले.

"कालच. लिओ म्हणतात मला. दहा वर्षं बायको मागे लागली होती, काल तिला कंटाळून शिडी काढली," तो म्हणाला. "आता पुढची दहा वर्षं असंच राहील, काळजी नको!"

"ऐकतेय मी!" गाडीतून आवाज आला.

सेलिनाने फोन त्याच्यापुढे धरला. लिओने डोळे बारीक केले, मग त्याचा चेहरा खुलला. "अरे, हा तर मघाचा पोरगा! पिवळ्या जाकिटातला. तुमचा का?"

तिने फोन आणखी जवळ नेला. "मघाचा म्हणजे?"

"झाला असेल अर्धा तास. मी शिडीवर होतो. तिथे मधोमध उभा राहून फोटो काढून घेत होता."

"कोणाकडून?"

"कोणीतरी होतं की खाली, उताराला. मी वळलो नाही, रंग सांडला असता. 'जरा पुढे ये' म्हणत होतं. पोरगा हसत विचारायचा, 'अजून पुढे?' आवाज छान होता हो. आपल्याकडचाच."

"बाईचा की पुरुषाचा?"

लिओने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. "छान होता," तो पुन्हा म्हणाला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आले. "पण मावशी, फोटो इतक्या लवकर तुमच्याकडे आला? मजा आहे या फोनची."

"गेल्या ऑगस्टमध्ये आला," सेलिना म्हणाली.

तो हसला. मग त्याने फोन हातात घेऊन बोटांनी चित्र मोठे केले. फोटोत खिडकीखाली रंगाचा एक ओघळ होता, खाली येऊन डावीकडे वळलेला. लिओने मान वर करून भिंतीकडे पाहिले. ओघळ तिथे होता. त्याने बोट लावले, तर बोट पिवळे झाले.

बायकोने हॉर्न वाजवला. लिओने फोन परत दिला तो तिच्या डोळ्यांत न बघता. गाडी गेली आणि गल्लीत कोणी उरले नाही. दूर तळ्यावरचा भोंगा तेवढा वाऱ्यावर ऐकू येत होता, शब्द न कळता.

३

गुडघा दुखत होता तरी ती उतार जवळजवळ पळतच उतरली. अर्धा तास! वर्षभर ज्याच्यासाठी ती उंबऱ्यात बसली तो अर्ध्या तासावर होता. लिओची काही चूक होत असेल. पिवळी जाकिटे पुष्कळ असतात. रंगाचे ओघळ सारखेच दिसतात. असे ती स्वतःला बजावत होती आणि पाय त्याच्या आतच पुढे पडत होते.

बंदराचा रस्ता रिकामा होता. एक बस नाही, टॅक्सी नाही. मासे तळणाऱ्या दुकानापासून खानावळीपर्यंत सगळ्या दारांना कड्या. पाणी मागावे तर कोणाकडे? उजेड इतका होता की मिटलेल्या खिडक्यांकडे बघवत नव्हते. आपल्याच टाचांचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येत होता.

दुसरा फोटो लोकरीच्या कपड्यांच्या दुकानासमोर काढलेला होता. त्यात क्लेटन जवळ आलेला, गुडघ्यांपासून वर दिसणारा. मागे दुकानाची मोठी काच आणि दारावर हाताने लिहिलेला कागद: शर्यतीला गेलोय. बुडलो नाही तर उद्या उघडू.

कागद दारावर होता. एक कोपरा फाटलेला, त्यावर निळी चिकटपट्टी. फोटोतही तशीच.

"क्लेटन!" तिने हाक मारली. होड्या बांधायच्या खुंटावर बसलेला समुद्रपक्षी उडाला. बाकी काही हलले नाही.

फोटो काढणारा कुठे उभा असेल याचा अंदाज घेत ती रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर गेली. तिथून दुकान बरोबर फोटोतल्यासारखे दिसले, आणि काचेत ती स्वतः दिसली. राखाडी कोट, काखेत पर्स, विस्कटलेले केस, मागे बंदराचा कठडा. सगळे स्वच्छ, आरशात दिसावे तसे.

मग तिने फोन वर केला. वर्षभर तिने या फोटोत पोराचा चेहरा बघितला होता. चेहऱ्यामागच्या काचेकडे कधी बघितलेच नव्हते. काचेत क्लेटनची पाठ होती. त्याच्या पाठीपलीकडे रस्ता होता, कठडा होता, खुंटावर बसलेला पक्षी होता. आणि आता ती जिथे उभी होती तो पदपथ होता, टोकापासून टोकापर्यंत रिकामा.

काचेचा कोन असेल. फोटो काढणारा खाली बसला असेल. ती खाली बसून बघू लागली, तर काचेत खाली बसलेली दिसली.

तिने तपास अधिकाऱ्याला फोन लावला. यंत्रातल्या बाईने सांगितले की आज सार्वजनिक सुट्टी आहे. मग तिने गावाला मुलीला लावला.

"आई, काही खाल्लंस का?" ट्रुडीचा पहिला प्रश्न.

"तो इथे आहे गं. सकाळी लोकांनी पाहिलाय. फोटोतलं सगळं आज आहे इथे. गेल्या वर्षी नव्हतं, आज आहे."

"आई, ऊन लागलंय तुला. फिलोमेनाकडे परत जा आणि पड जरा. दादा गेला. आता तूही असं करायला लागलीस तर मी इथे एकटीने काय करू, सांग."

"अर्ध्या तासावर आहे तो, ट्रुडी."

"मग त्याला येऊ दे ना! तुझ्याकडे येऊ दे. तू का पळतेस त्याच्यामागे?"

फोन ठेवताना तिला एक साधी गोष्ट दिसली, जी इतके दिवस दिसत असूनही जाणवली नव्हती. पहिल्या फोटोत तो दूर होता, दुसऱ्यात जवळ. तिसऱ्यात फक्त चेहरा आणि खांदे होते, इतका तो जवळ गेला होता.

४

तिसऱ्या फोटोत क्लेटनच्या मागे उघडा कातळ होता आणि त्यात ठोकलेली गंजकी लोखंडी साखळी. ही जागा सगळ्यांना माहीत आहे. बंदराच्या तोंडाशी कड्याला चिकटलेली घरे आहेत. त्यांच्या पुढून पायवाट निघते आणि जिथे पाय ठेवायला जेमतेम जागा उरते तिथे हाताला साखळी देते. खाली समुद्र.

वाट एका घराच्या लाकडी ओसरीवरूनच जाते. ओसरीवर सायलस नावाचा ऐंशीच्या पुढचा म्हातारा खुर्ची टाकून बसला होता.

"होड्या बघायला नाही गेलात, बाबा?" सेलिनाने धापा टाकत विचारले.

"त्याच होड्या, तोच आरडाओरडा. पोरी, मी चाळीस वर्षं खऱ्या समुद्रात वल्ही मारली. तळ्यात काय बघायचंय?" त्याने तिचा चेहरा पाहिला आणि शेजारच्या बाकावरची पाण्याची बाटली पुढे केली. "बस. कोणी मेलंय का?"

ती घटाघट प्यायली. "पिवळ्या जाकिटातला एक मुलगा गेला का इथून?"

"गेला की. आताच. बोलत बोलत गेला."

"कोणाशी?"

सायलसने ओसरीच्या फळीवर टाच आपटली. फळी कुरकुरली. "मी आत डुलक्या घेत असलो तरी कळतं किती माणसं गेली. प्रत्येक पाय वाजतो. त्या पोराचे दोन पाय वाजले. पण तो बोलत होता बघ. 'इथे उभा राहू का?' म्हणाला, मग हसला. मी म्हटलं कानात फोनचं यंत्र असेल. हल्ली सगळेच वेड्यासारखे बोलत जातात."

"आणि परत आला?"

"परत कसा येईल? आताच तर गेला." म्हातारा खुर्चीत पुढे झाला. "थांब पोरी. तिकडे बघ."

बंदराच्या तोंडातून धुके आत येत होते. पाण्यावर बसलेली, घरांइतकी उंच, पांढरी भिंत. आवाज न करता तिने समोरचा दीपस्तंभ गिळला.

"साखळी ओली झाली की धरवत नाही. धुकं जाईपर्यंत बस इथे. चहा टाकतो."

"तो पुढे गेलाय, बाबा."

"तरणा आहे तो. येईल."

"नाही येत," सेलिना म्हणाली. "वर्षभर वाट बघितली."

तिचे पाय ओसरीवरून वाजत गेले.

५

गंमत अशी की कड्याच्या वळणापलीकडे धुके नव्हते.

कातळ उन्हाने तापला होता. तळ्यावरचा भोंगा इथवर पोचत नव्हता. लाटांचाही आवाज नव्हता, खाली त्या आपटताना दिसत होत्या तरी. सेलिनाने साखळी धरली. हाताला गंजाची भुकटी लागली, तळवा तांबडा झाला. एक पाऊल, मग दुसरे. खाली बघायचे नाही.

पुढच्या वळणावर पिवळे जाकीट होते.

तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. मानेवरचे केस तिने स्वतःच कापलेले, डावीकडे जरा वर गेलेले. त्या चुकीवरून त्याने निघताना तिला चिडवले होते. केस वर्षभरात वाढले नव्हते. तो साखळी सोडून उभा होता, दोन्ही हात खाली, तोंड समुद्राकडे.

"असं?" त्याने समोर विचारले. "अजून पुढे?"

"क्लेटन," ती म्हणाली. मोठ्याने म्हणता आले नाही. दचकला तर जाईल. "बाळा, मागे ये. आई आलीये."

त्याने मान किंचित वळवली. गालाची कड आणि हसू तेवढे दिसले. घरी कोणी पाहुणा फोटो काढायला लागला की आणायचा ते शहाणे हसू. तो ज्याच्याकडे बघून हसत होता तिकडे तिने पाहिले.

तिकडे कडा नव्हता. वाट नव्हती. पाण्यावर उघडे आकाश होते, आणि त्या आकाशात, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उन्हाने एक छोटी काच चमकली. काचेमागे हवा जरा दाट होती. उकळत्या किटलीच्या वर असते तशी. तेवढेच. आणि ती दाट हवा तिच्याकडे वळली, हे तिला कसे कळले ते सांगता येणार नाही, पण कळले.

"मावशी," आवाज आला. खरोखर छान होता. तिच्याच गावच्या बोलीतला, लहानपणी आजारी असताना उशाशी बसलेल्या माणसाचा असावा तसा. "तुमचाही काढून देऊ का?"

पळून जावे असे तिला वाटले. साखळी धरलेला हात आवळलाही. पण पळून जायचे ते कोणाला टाकून? तो तीन पावलांवर होता. आणि कोणी आपुलकीने विचारले तर नाही म्हणायचे नाही, हे एकसष्ट वर्षांचे वळण.

"दोघांचा काढ," सेलिना म्हणाली. "आम्हा दोघांचा एकत्र काढ."

"हो तर," आवाज म्हणाला. "जरा पुढे या."

तिने पर्समधून फोन काढला आणि हात लांब केला. तो कोणीतरी घेतला.

६

यापुढचे सगळे कागदोपत्री आहे.

सायलसने जबाबात सांगितले की मुलाचे आणि बाईचे पाय जाताना वाजले, परत येताना कोणाचेच वाजले नाहीत. दुपारभर धुके इतके दाट होते की त्याला स्वतःच्या ओसरीचा कठडा दिसत नव्हता. लिओने मुलाला पाहिल्याचे सांगितले, दुसऱ्या जबाबात खात्री नाही म्हणाला आणि घर पुन्हा हिरवे रंगवून टाकले. पाणबुड्यांनी कड्याखालचा तळ शोधला. काही मिळाले नाही, एक चप्पलसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ट्रुडीच्या फोनवर आईच्या नंबरावरून एक फोटो आला. त्यात सेलिना एकटी आहे. चेहरा आणि खांदे. शेजारी कोणी नाही. तिच्या मागे कातळ आणि साखळी आहे, म्हणजे फोटो काढणारा समुद्राच्या बाजूला होता, जिथे उभे राहायला जागा नाही. चेहऱ्यावर लख्ख ऊन आहे.

अधिकारी तोच होता. तो म्हणाला, त्या दुपारी धुके होते, फोटोत ऊन आहे, म्हणजे फोटो त्या दिवशीचा नाही. आईने आधी कधीतरी काढून ठेवला असणार. मुलाच्या दुःखात माणूस काय वाटेल ते करतो. ट्रुडीने टेबलावर हात आपटला तेव्हा तिला पाणी देण्यात आले. फोटोची छापील प्रत फाइलला लावली, तिच्यावर शिक्का बसला, शिक्क्यात ऑगस्टची तारीख आहे.

या मे महिन्यात, लोकांनी ओरड केल्यावर, नगरपालिकेने कड्यावरची गंजकी साखळी काढली आणि नवी बसवली. ट्रुडी ती बघायला गेली होती. कातळात नवे खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याभोवती सिमेंटचा ताजा पांढरा गोल आहे आणि साखळीची कडी न् कडी चांदीसारखी चमकते. तिने हाताने चाचपून पाहिली, तळव्याला काही लागले नाही. मग तिने तीन अर्ज केले. फाइलमधला फोटो एकदा नीट बघा, एवढीच मागणी. एकाही अर्जाला उत्तर आलेले नाही.

शर्यत येत्या बुधवारी आहे. हवा स्वच्छ राहील, असे रेडिओ म्हणतो. ट्रुडीने शहराकडे जाणाऱ्या गाडीत जागा धरली आहे, आणि कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नाही.

फोटोत सेलिनाच्या डाव्या खांद्यामागे साखळीचा हातभर तुकडा दिसतो. खिळ्याभोवती पांढरा गोल आहे. साखळी नवी आहे.